दुकानातला पहिला पगारी माणूस

यवतमाळ, पुसद, दिग्रस, उमरखेडच्या बाजारात आपली कितीतरी दुकाने घरच्याच माणसांवर चालतात. शिवणकाम, बेकरी, गॅरेज, फर्निचर. अब्बा गिऱ्हाईक सांभाळतात, मुलगा माल आणतो, अम्मी रात्री हिशेब लिहिते. पण कापूस विकून शेतकऱ्याच्या हातात पैसा आला, लग्नसराई लागली किंवा ईद जवळ आली की घरचे हात पुरत नाहीत.

मग आपण गावाकडच्या भाच्याला बोलावतो. पगार ठरत नाही. "घरचाच आहे, देऊ काहीतरी," एवढ्यावर काम सुरू होते. वर्षभराने भाचा म्हणतो, मामूंनी राबवून घेतले. मामू म्हणतात, खाणे-राहणे सगळे केले, आणखी काय हवे? धंदा बाजूला राहतो आणि बहीण-भावाचे बोलणे बंद होते. दोघेही खोटे नसतात. चूक एवढीच, की पहिल्या दिवशी कोणी काही ठरवलेच नाही.

माणूस वाढवायची वेळ कधी येते? यवतमाळचेच उदाहरण पाहा. लोकनायक बापूजी अणे यांनी १९१८ साली येथे 'लोकमत' साप्ताहिक सुरू केले. ते पुढे बंद पडले. स्वातंत्र्यानंतर जवाहरलाल दर्डा यांनी ते यवतमाळातच पुन्हा उभे केले आणि १५ डिसेंबर १९७१ रोजी नागपुरातून ते दैनिक झाले. साप्ताहिक आठवड्यातून एकदा काढायचे असते. दैनिकाला रोज बातमी, रोज छपाई, रोज वाटप. मालकाने कितीही जागरण केले तरी ते एकट्याने भागत नाही. प्रत्येक कामाला ठरलेला माणूस लागतो.

दुकानाचेही तसेच आहे. काम पंधरा दिवसच वाढले असेल, तर जिनिंगवाले कापसाच्या हंगामापुरती माणसे घेतात तसा हंगामी माणूस घ्यावा. काम रोजचेच वाढले असेल, तरच कायमचा. त्याआधी एक हिशेब करावा: मंदीच्या तीन महिन्यांतही हा पगार निघेल का?

कोणते काम आधी सोपवायचे? कटिंग मास्टरने कटिंग स्वतःकडे ठेवावे. काज-बटण, इस्त्री, माल पोहोचवणे दुसऱ्याला द्यावे. आपला वेळ खाणारे काम आधी द्यावे, आपले नाव टिकवणारे नंतर.

काम, वेळ, सुटी, पगार आणि पगाराची तारीख एका कागदावर लिहावी. नातेवाईक असेल तर आधी लिहावी. कर्जाचा व्यवहार लिहून ठेवण्याची ताकीद कुरआनात आहे. मजुरी देण्यात दिरंगाई नको, ही प्रेषितांची (स.) शिकवण आहे. मग पगाराचा करार तोंडी का ठेवायचा?

कायदाही लक्षात असू द्या. सरकारने ठरवलेले किमान वेतन एकच माणूस असला तरी द्यावे लागते. चौदा वर्षांखालील मुलाला पगारावर ठेवता येत नाही. माणसे वीस झाली की भविष्य निर्वाह निधीची नोंदणी करावी लागते.

वीस माणसे अजून दूर आहेत. पण विसाव्या माणसाशी आपण कसे वागणार, हे पहिल्याच्या पगाराच्या दिवशी ठरते. त्या दिवशी भाच्याच्या हातात ठरलेली रक्कम ठेवा. धंद्यात बरकत राहील आणि बहिणीच्या घरी जाताना नजरही चुकवावी लागणार नाही.