डीसी अवंती
डीसी अवंती ही मुंबईचे मोटार-रचनाकार दिलीप छाब्रिया यांच्या डीसी डिझाइन या संस्थेने तयार केलेली दोन आसनी स्पोर्ट्स मोटार होय. २०१२ साली दिल्लीच्या ऑटो एक्स्पोमध्ये ती प्रथम दाखवण्यात आली.

तिचे इंजिन चालकाच्या पाठीमागे, परंतु मागच्या आसाच्या पुढे असते. सर्वांत जड भाग दोन्ही आसांच्या मध्ये आल्याने अशी मोटार वळणावर चटकन दिशा बदलते. मात्र सामानाला जागा थोडी उरते, मागचे दिसणे अवघड होते आणि इंजिनाचा आवाज व उष्णता बैठकीला जाणवतात. स्वतःचे इंजिन घडवण्याचा खर्च टाळून रेनॉचे २ लिटरचे इंजिन वापरले गेले. त्याची शक्ती सुमारे २५० अश्वशक्ती आहे. टर्बोचार्जर बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर फिरतो आणि सिलिंडरमध्ये जादा हवा कोंबतो. त्यामुळे लहान इंजिनही बळकट होते, पण इंजिन संथ फिरत असताना पायाखालचा जोर किंचित उशिरा मिळतो.

किंमत सुमारे ३६ लाख रुपये होती. ती स्वस्त ठरते ती केवळ परदेशी मध्य-इंजिन मोटारींच्या तुलनेत. या प्रकारच्या मोटारी सहसा जमिनीलगत असतात. अवंतीचा तळ मात्र गतिरोधकांचा विचार करून सुमारे १७० मिलिमीटर उंच ठेवला होता.