गाडीचे तेल-पाणी : दहा मिनिटांचा हिशेब

आज लहान व्यापाऱ्याचा आणि कारागिराचा धंदासुद्धा चार चाकांवर चालतो. मालेगावहून कापडाचा माल घेऊन निघालेली पिकअप कसारा घाटात बंद पडली, तर नुसते भाडे बुडत नाही; वायद्याला माल पोहोचत नाही आणि गिऱ्हाईक तुटते. तरीही रोज रात्री गल्ला मोजणारे आपले बरेच व्यापारी बांधव गाडीचे बोनेट मात्र ती बंद पडल्यावरच उघडतात. म्हणून घरच्या घरी, आठवड्यातून दहा मिनिटांत करता येईल अशी तपासणी आम्ही येथे सांगत आहोत.

सकाळी गाडी सपाट जागेवर उभी असावी, हँडब्रेक लावलेला आणि इंजिन थंड असावे.

इंजिन ऑईल : काडी बाहेर ओढून सुती कापडाने पुसावी. कापडाचे धागे किंवा रुवे सुटणारे नसावेत. काडी पुन्हा पूर्ण आत घालून काढावी. ऑईल दोन खुणांच्या मधे हवे. पुष्कळ लहान गाड्यांत या दोन खुणांतील फरक सुमारे १ लिटरचा असतो. म्हणून एकदम डबा ओतू नये. पाव-पाव लिटर घालून, थोडे थांबून पुन्हा पाहावे. वरच्या खुणेच्या पुढे भरले तर ऑईलला फेस येतो आणि वंगण नीट होत नाही. डिझेल गाडीचे ऑईल लवकर काळे होते, त्याची काळजी नको. पण ते दुधाळ चहासारखे दिसले तर त्यात पाणी मिसळले आहे असे समजावे आणि गाडी चालू न करता मिस्त्रीला बोलवावे. ऑईलचा लाल दिवा लागेल तेव्हा पाहू, असे म्हणणे धोक्याचे आहे. साधारणपणे तो दिवा ऑईलचा दाब पडल्यावरच लागतो. चालू गाडीत तो लागला तर ताबडतोब इंजिन बंद करावे.

कूलंट : बाजूच्या प्लास्टिकच्या डब्यावर कमी-जास्तीच्या खुणा असतात. गरम इंजिनावर रेडिएटरचे किंवा डब्याचे झाकण कदापि उघडू नये. आतील पाणी दाबाखाली १०० अंशांच्या पुढे तापलेले असते. झाकण सुटताच त्याची वाफ होऊन तोंड-हात भाजतात. तयार कूलंट मिळाले तर तेच घालावे. घट्ट कूलंट असेल तर डब्यावर लिहिलेल्या प्रमाणात डिस्टिल्ड वॉटर मिसळावे. बोअरचे जड पाणी वरचेवर घातल्यास रेडिएटरच्या बारीक नळ्यांत क्षार साचतो. मग सुताच्या गाठी भरून घाट चढताना गाडी तापते.

ब्रेक ऑईल : चढताना कूलंटची परीक्षा, तशी उतरताना ब्रेकची. ब्रेक ऑईल हवेतील ओलावा शोषून घेते. नवे डॉट-४ ऑईल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. ओलावा शिरला की ही मर्यादा १५५ अंशांपर्यंत खाली येऊ शकते. भरलेली गाडी घाट उतरताना ब्रेक तापतात, ऑईलमध्ये वाफेचे बुडबुडे होतात आणि पॅडल खाली जाते, गाडी मात्र थांबत नाही. म्हणून पातळी पूर्ण असली तरी साधारण दोन वर्षांनी, किंवा गाडीच्या पुस्तकात सांगितलेल्या मुदतीत, हे ऑईल बदलावे. फार दिवस उघडा राहिलेला डबा वापरू नये. ब्रेकमध्ये इंजिन ऑईल कधीही घालू नये. रबरी वायसर फुगून ब्रेक निकामी होतात.

बॅटरी बंद प्रकारची नसेल तर प्लेटा बुडतील इतकेच डिस्टिल्ड वॉटर घालावे. जवळ विडी-काडी पेटवू नये. १ एप्रिल २०२० पासून आलेल्या बीएस-६ नियमांच्या काही डिझेल गाड्यांना युरियाच्या द्रावणाची वेगळी टाकी असते. ते डिझेलच्या टाकीत चुकूनही ओतू नये.

आता मुख्य गोष्ट. पातळी कमी होणे ही खबर आहे, आणि वरून भरणे हा इलाज नव्हे. ब्रेक ऑईल हळूहळू उतरले तर ब्रेकचे पॅड झिजले असतील. एकाएकी उतरले तर गळती आहे, गाडी रस्त्यावर काढू नये. कूलंट दर आठवड्याला घालावे लागत असेल तर ते कुठे तरी जात आहेच. रात्री गाडीखाली पुठ्ठा पसरून ठेवावा. सकाळी काळा-तपकिरी डाग दिसला तर इंजिन ऑईल, हिरवा किंवा गुलाबी दिसला तर बहुधा कूलंट, चाकाजवळ चिकट पिवळसर दिसला तर ब्रेक ऑईल. स्वच्छ पाणी असेल तर ते एसीचे, त्याची फिकीर नाही.

यासाठी उधारीच्या वहीसारखी एक लहान वही गाडीत ठेवावी. तारीख, किलोमीटर, काय घातले आणि किती, एवढेच लिहावे. ड्रायव्हरलाही ही सवय लावावी. दोन महिन्यांची पाने चाळली की गाडी कुठे खाते ते आपोआप दिसते, आणि मिस्त्रीसमोरही अंदाजाने नव्हे, हिशेबाने बोलता येते. काढलेले जुने ऑईल गटारात न ओतता डब्यात भरून गॅरेजवाल्याकडे द्यावे.

गाडीवर केवळ माल नसतो, ड्रायव्हरचा जीवही असतो. त्याच्यासाठी आठवड्यातली दहा मिनिटे जास्त नाहीत.