माहेरची शांता

१९८६ सालच्या पावसाळ्यातली गोष्ट. वेंगुर्ल्याजवळच्या एका शाखेत मी तेव्हा बँक अधिकारी होतो. तिशी-पस्तिशीची एक बाई काउंटरवर आली आणि भिजलेल्या पिशवीतून मुदत ठेवीची पावती काढून तिनं माझ्यापुढे ठेवली. तिच्या वडिलांनी लग्नाआधी तिच्या नावानं थोडी रक्कम ठेवली होती. पावतीवर नाव होतं शांता, पुढे माहेरचं आडनाव. रेशनकार्डावर मात्र नावही वेगळं आणि आडनावही वेगळं. मी नियम सांगितला. ‘दोन्ही नावं एकाच व्यक्तीची’ असं प्रतिज्ञापत्र करून आणा. ती क्षणभर माझ्याकडे पाहत राहिली आणि म्हणाली, ‘‘आवशी-बापाशीन ठेवलेला नाव माझा न्हय, ह्यां आता बँक ठरवतली?’’

तिसऱ्या खेपेला तिला पैसे मिळाले. नियमानं माझं काही चुकलं नव्हतं, पण ते वाक्य मनातून जाईना. रात्री जेवताना आईला सगळं सांगितलं. कढी वाढता वाढता ती थांबली. म्हणाली, ‘‘मियां तरी खंय लक्ष्मी? मियां शांता.’’

मी सत्तावीस वर्षांचा होतो. मामा आमच्याकडे आला की उंबऱ्यातूनच ‘‘खंय गेलंस गो शांते?’’ अशी हाक मारायचा. ते लाडाचं नाव असावं अशीच माझी समजूत. लग्नाच्या दिवशी तबकातल्या तांदळांत अंगठीनं ‘लक्ष्मी’ लिहिलं गेलं आणि माहेरची शांता त्या तांदळांत बुडाली, हे मला कोणी कधी सांगितलंच नव्हतं. आणि मीही कधी विचारलं नव्हतं.

आईचं माहेर वेंगुर्ले तालुक्यातलं कोचरे. तिथली मुलगी शांता असावी यात नवल नाही. छत्रपती शाहूंच्या दरबारातले नारो राम मंत्री मूळचे या कोचऱ्याचेच. गोव्यात फोंडा तालुक्यात कवळ्याला शांतादुर्गेचं जे भव्य देऊळ आज उभं आहे, ते त्यांच्याच पुढाकारानं १७३८ च्या सुमारास बांधून पुरं झालं. देवी मूळची केळशीची. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी देवळं पाडायला सुरुवात केली, तेव्हा भक्तांनी तिला जुवारी नदीपलीकडे कवळ्याला नेलं. म्हणजे माहेर सोडावं लागलं ते देवीलाही! फरक एवढाच, की गाव बदलला तरी तिचं नाव कोणी बदललं नाही.

हे नाव तिला मिळालं कसं? कथा अशी, की शिव आणि विष्णू यांच्यात युद्ध जुंपलं. ते काही केल्या थांबेना, तेव्हा देवी दोघांच्या मध्ये उभी राहिली आणि तिनं दोघांनाही शांत केलं. तिच्या दोन हातांतले दोन सर्प म्हणजे हेच दोघे भांडणारे, असं सांगतात. संस्कृतात ‘शम्’ म्हणजे शमणं, त्यावरून ‘शांता’ म्हणजे शमलेली. आमच्या देवीनं हा अर्थ एक पाऊल पुढे नेला. ती नुसती शमलेली नाही, शमवणारी आहे. गप्प बसणारी तर मुळीच नाही.

या नावाची याहून जुनी बाई म्हणजे दशरथाची लेक शांता. भवभूतीच्या ‘उत्तररामचरिता’त दशरथानं ती रोमपाद राजाला दत्तक दिल्याचं सांगितलं आहे. पुढे तिचा विवाह ऋष्यशृंगाशी झाला, आणि दशरथाची पुत्रकामेष्टी केली ती याच जावयानं. चार भावांची नावं घराघरांत पोचली. बहीण मात्र किती जणांना ठाऊक आहे?

तरीही नाव टिकलं. उच्चाराला सोपं, आणि बाई, ताई, मावशी, आजी काहीही पुढे लावा, ते कुठं अडत नाही. गेल्या शतकात तर मराठीत शांतांची रांगच लागली. ‘कुंकू’ (१९३७) या चित्रपटात म्हाताऱ्या नवऱ्यापुढे न वाकणारी नायिका रंगवली ती शांता आपटे यांनी. शांता शेळके १९९६ साली आळंदीच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्ष झाल्या. ‘माज्या जल्माची चित्तरकथा’ लिहिणाऱ्या शांताबाई कांबळे माहेरच्या नाजाबाई. म्हणजे माझ्या आईच्या नेमकं उलट. एका घरानं हे नाव पुसलं, दुसरीला ते नव्यानं मिळालं. या तिघींपैकी गप्प कोण बसली, सांगा!

२००९ मध्ये आई गेली. मृत्यूच्या दाखल्यावर ‘लक्ष्मी’ लिहिलं गेलं. कागदोपत्री तेच बरोबर होतं. वर्तमानपत्रातल्या निधनवार्तेत मात्र मी ‘माहेरची शांता’ एवढे दोन शब्द घातले. ते वाचून कोचऱ्याची एक म्हातारी आमच्याकडे आली आणि म्हणाली, ‘‘शांता गेली ह्यां माका तेच्यामुळां कळला. लक्ष्मीक मियां वळखी नाय होतंय.’’ त्या दोन शब्दांनी आईची बालमैत्रीण आमच्या दारात आणली होती.

गेल्या वर्षी पुण्यात मला नात झाली. मी ‘शांता’ सुचवलं. सून हसून म्हणाली, ‘‘बाबा, शाळेत सगळे तिला ‘शांत बस’ म्हणून चिडवतील.’’ तिचंही खोटं नव्हतं. २०१५ च्या सुमारास एका गाण्यानं ‘शांताबाई’ वरातीवरातीत नाचवली, हेही तिला आठवत असणार. नाव दुसरं ठरलं. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावापुढे महाराष्ट्रात आधी आईचं आणि मग वडिलांचं नाव लागतं. नातीच्या दाखल्यावर तिच्या नावाला लागूनच सुनेचं नाव आहे, आणि तेही सुनेच्या आईबापांनी ठेवलेलंच. तो कागद मी बँकेतल्या सवयीनं दोनदा तपासला. मग वाटलं, आपल्या आवडीचं नाव राहिलं नाही म्हणून काय झालं? जे ठेवलं ते कोणी पुसणार नाही, हेच महत्त्वाचं.

बारशाला सूनच म्हणाली, ‘‘पाळण्यातलं नाव तुमचं ठेवू.’’ आत्यानं बाळाच्या कानात ‘कुर्र’ केलं आणि ठरलेल्या नावामागून हळूच ‘शांता’ म्हटलं. हे नाव कुठल्याही कागदावर नाही. त्याला दाखला लागत नाही आणि प्रतिज्ञापत्रही लागत नाही. फक्त हाक मारणारं कोणीतरी लागतं. मामा आता नाही, आईही नाही. तेव्हा पुण्याला गेलो की उंबऱ्यातूनच हाक मारतो, ‘‘खंय गेलंस गो शांते?’’