गाडी घरीच धुवा, पाणी जपून वापरा

ईद जवळ आली की अंगणात गाड्या धुण्याची गडबड सुरू होते. नळाला पाइप लावून तो दहा-पंधरा मिनिटे वाहता सोडला, तर शंभर लिटर पाणी सहज जाते. अल्लाहचे रसूल (स.) एक मुद्द, म्हणजे लिटरभराहूनही कमी पाण्यात वुजू करीत, असे हदीसमध्ये आले आहे. मग गाडीसाठी इतका इस्राफ कशाला? तीन-चार बादल्यांत काम नीट होते.

गाडी सावलीत लावा. तापलेल्या पत्र्यावर साबण सुकून डाग राहतात. आधी मगाने पाणी ओतून धूळ उतरवा. कोरडी धूळ पुसल्यास रंगावर ओरखडे येतात. एका बादलीत गाडीचा शाम्पू, दुसरीत साधे पाणी घ्या. भांड्यांचा साबण नको, त्याने वॅक्स निघून जाते. मायक्रोफायबरच्या फडक्याने टपापासून खाली धुवत या. फडके दर वेळी आधी साध्या पाण्यात खळबळा, मगच शाम्पूत बुडवा. चाके शेवटी, वेगळ्या फडक्याने धुवा. मगाने साबण उतरवून गाडी लगेच कोरडी पुसा.

डॅशबोर्डवर पाणी फवारू नका. फडके घट्ट पिळून पुसा. पायाखालच्या मॅट पूर्ण वाळल्यावरच आत टाका, नाहीतर कुबट वास येतो.

सांडपाणी शेजाऱ्याच्या दारात जाणार नाही, हेही पाहा. शेजाऱ्याचा हक्क राखणे हा स्वच्छतेचाच भाग आहे.