व्यायामाची झिंग: चार गैरसमज

बंगळुरूच्या येलहंका तळ्याकाठी पहाटे धावणारा आणि 17 मार्च 2007 रोजी तिथल्याच पॅलेस ग्राउंड्सवर आयर्न मेडन या रॉक बँडच्या भारतातल्या पहिल्या कार्यक्रमात घामाघूम नाचलेला, दोघंही एकच अनुभव सांगतात: दमल्यानंतर अंग हलकं होतं, मन उसळून येतं. या झिंगेभोवतीचे काही समज तपासायलाच हवेत.

गैरसमज 1: ही सगळी एंडॉर्फिनची करामत.
वस्तुस्थिती: व्यायामाने रक्तातलं एंडॉर्फिन वाढतं, पण त्याचा मोठा रेणू रक्तातून मेंदूत सहजी शिरत नाही. 2021मध्ये प्रसिद्ध झालेल्या हॅम्बुर्गच्या अभ्यासात 63 जणांपैकी काहींना एंडॉर्फिनचा परिणाम रोखणारं नाल्ट्रेक्सोन देऊन पाहिलं. तरीही 45 मिनिटं धावल्यावर आनंद वाटलाच. वाढली होती ती एंडोकॅनाबिनॉइड्स, म्हणजे शरीरानेच बनवलेली, मेंदूत सहज पोचणारी स्निग्ध द्रव्यं. मेंदूच्या आत तयार होणाऱ्या एंडॉर्फिनचाही वाटा असू शकतो. पण सगळं श्रेय त्याला देता येत नाही.

गैरसमज 2: जीव काढल्याशिवाय झिंग येत नाही.
वस्तुस्थिती: एंडोकॅनाबिनॉइड्स सर्वांत चांगली वाढतात ती मध्यम जोराच्या धावण्यात. रमतगमत चालून किंवा छाती फुटेस्तोवर पळून तेवढी वाढत नाहीत. शिवाय ही झिंग प्रत्येकाला, प्रत्येक वेळी येतेच असं नाही. ती आली नाही तरी व्यायाम वाया जात नाही.

गैरसमज 3: रॉक नुसतं ऐकलं तरी तोच आनंद मिळतो.
वस्तुस्थिती: ऑक्सफर्डच्या रॉबिन डनबार यांच्या 2012च्या अभ्यासात वाजवणाऱ्या, गाणाऱ्या आणि नाचणाऱ्यांची वेदना सोसण्याची क्षमता, म्हणजे मेंदूत एंडॉर्फिन वाढल्याची अप्रत्यक्ष खूण, वाढली; नुसतं ऐकणाऱ्यांची वाढली नाही. वाजवणं हे खरोखरचे कष्ट आहेत. ब्लाँडी या रॉक बँडचे ड्रमर क्लेम बर्क यांच्या हृदयाचे ठोके कार्यक्रमात मिनिटाला सरासरी 140 ते 150 पडत. कमरेला ढोल बांधून मिरवणुकीत वाजवणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको.

गैरसमज 4: झिंग आली, म्हणजे शरीर ठणठणीत.
वस्तुस्थिती: याच अवस्थेत वेदना बोथट होते, त्यामुळे दुखापत लपू शकते. छातीत दुखलं किंवा चक्कर आली, तर लगेच थांबा आणि डॉक्टरांना गाठा. कानांनाही जपा: कार्यक्रमांतल्या आवाजाची जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेली मर्यादा सरासरी 100 डेसिबल आहे.

तेव्हा आवडीचं गाणं जरूर लावा, पण खुर्चीत बसून राहू नका. बोलताना किंचित धाप लागेल इतक्या वेगाने अर्धा-पाऊण तास धावा, नाचा किंवा वाजवा.