पस्तिशीनंतर नर्सिंगचे शिक्षण

‘या वयात आता काय शिकायचे?’ हा प्रश्न आपल्याकडे बाईला फार लवकर विचारला जातो. लग्न झाले, मुले झाली, की शिक्षण संपले असे घरच्यांनी आणि पुष्कळदा तिने स्वतःही धरलेले असते. नर्सिंगचा इतिहास मात्र वेगळेच सांगतो. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी जर्मनीतील कैसरवर्थ येथे रुग्णसेवेचे शिक्षण घेतले ते १८५१ मध्ये, वयाच्या एकतिसाव्या वर्षी. आपल्याकडे रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन सुरू झाले. तेथे शिकायला येणाऱ्यांत विवाहित आणि विधवा स्त्रिया होत्या आणि तेथूनच कितीजणी रुग्णसेवेकडे वळल्या.

मी लग्नानंतर ए.एन.एम. झाले आणि तालुक्याच्या गावी एका खासगी प्रसूतिगृहात अकरा वर्षे काम केले. २०१६ मध्ये, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, जी.एन.एम.ला प्रवेश घेतला. थोरली मुलगी तेव्हा आठवीत होती. वर्गातल्या मुली तिच्याहून चार-पाच वर्षांनीच मोठ्या. त्या पहिल्या दिवसापासून मला ‘ताई’ म्हणू लागल्या. नोकरी सोडल्याने पगार थांबला होता. ‘काम तर येतेच, मग तीन वर्षे कशाला घालवता?’ असे अनेकांनी विचारले. आजही ए.एन.एम. मैत्रिणी हेच विचारतात, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

हाताला सवय असते, कारण शिकावे लागते

गरोदरपणात रक्तदाब वाढून झटके येऊ लागले, तर मॅग्नेशियम सल्फेट देतात. पहिला डोस दोन्ही कुल्ल्यांत पाच-पाच ग्रॅम, हे मला पाठ होते. पुढचा डोस देण्याआधी गुडघ्यावर हातोडी मारून पाय उडतो का ते पाहायचे, हेही प्रसूतिगृहात शिकले होते. ते का पाहायचे, हे वर्गात समजले. हे औषध अंगात जास्त झाले, की आधी गुडघ्याची ही प्रतिक्रिया जाते आणि मग श्वास मंदावतो. औषध बाहेर पडते ते लघवीवाटे. म्हणून गुडघा हलत नसेल, श्वास मिनिटाला १६ पेक्षा कमी असेल, किंवा लघवी तासाला ३० मि.लि. पेक्षा कमी होत असेल, तर पुढचा डोस थांबवून डॉक्टरांना बोलवायचे. उतारा म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेट हाताशी ठेवायचे.

२०२१ च्या पावसाळ्यात मी रात्रपाळीला होते. अशाच एका बाळंतिणीचा चार तासांनी द्यायचा डोस पहाटे दोनला होता. श्वास ठीक होता, पण गुडघा जेमतेम हलत होता आणि चार तासांत पिशवीत लघवी जमली होती जेमतेम ६० मि.लि. मी डोस दिला नाही आणि डॉक्टरांना फोन केला. तिची आई उशाशीच बसली होती. ती काळजीने म्हणाली, ‘‘सिस्टर, इंजेक्शनची वेळ झाली ना?’’ मी तिला सांगितले, ‘‘मावशी, आत्ता ते दिले तर लेकीला त्रास होईल. डॉक्टर येताहेत.’’ डॉक्टरांनी तपासून तो डोस थांबवलाच. सकाळपर्यंत लघवी सुधारली आणि आठवड्याने मायलेकरू घरी गेले. त्या रात्री इंजेक्शन देता येणे पुरेसे नव्हते. ते कधी द्यायचे नाही, हे ठामपणे सांगता येणे गरजेचे होते. माझी तीन वर्षे त्यासाठी गेली, असे मी मानते.

गणित आणि इंग्रजी

मोठ्या वयात भीती वाटते ती या दोन विषयांची. त्यातले गणित हे सातवीच्या त्रैराशिकापलीकडचे नाही. समजा, ५०० मि.लि. सलाइन चार तासांत द्यायचे आहे आणि एका मि.लि.ला २० थेंब पाडणारा सेट आहे. ५०० गुणिले २०, म्हणजे १०,००० थेंब. चार तासांची मिनिटे २४०. भागाकार केला, की मिनिटाला सुमारे ४२ थेंब. रोज अशी दोन उदाहरणे सोडवली, तर महिन्याभरात भीती जाते.

इंग्रजी शब्द तोडून शिकावेत. ‘आयटिस’ म्हणजे दाह. ‘हेपॅट’ यकृताचे, ‘नेफ्र’ मूत्रपिंडाचे. मग हेपॅटायटिस आणि नेफ्रायटिस हे शब्द पाठ करावे लागत नाहीत. वर्गातल्या मुलींनी मला उच्चार शिकवले. कळा देणाऱ्या बाईला धीर कसा द्यायचा, हे मी त्यांना दाखवले. मोठ्या वयाच्या विद्यार्थिनीचा हाच फायदा असतो. पुस्तकातले प्रत्येक पान वाचताना तिला कोणीतरी प्रत्यक्ष पाहिलेला रुग्ण आठवतो.

आपली प्रकृती आधी

घर, वर्ग आणि वॉर्ड या तिन्हींत अंग झिजते. प्रवेशापूर्वी हिमोग्लोबिन तपासा. गरोदर नसलेल्या स्त्रीत ते १२ ग्रॅमपेक्षा कमी असेल तर उपचार घ्या. अशक्तपणात अभ्यास डोक्यात शिरत नाही. हिपॅटायटिस-बीची लस घेतली नसेल तर आजच सुरू करा. पहिला डोस, एक महिन्याने दुसरा आणि सहा महिन्यांनी तिसरा. तिसऱ्यानंतर एक-दोन महिन्यांनी प्रतिपिंडांची तपासणी करावी. रुग्णाला कुशीवर वळवताना कंबरेत वाकू नका. गुडघे वाकवा, रुग्णाच्या जवळ उभ्या राहा आणि दुसरीला मदतीला बोलवा. रात्रपाळीनंतर खोलीत अंधार करून सलग झोप घ्या. पहाटेचा चहा टाळलात तर ती लवकर लागते.

प्रवेश घेण्यापूर्वी

भारतीय परिचर्या परिषदेच्या नियमांनुसार जी.एन.एम. २०१५-१६ पासून तीन वर्षांचे आहे. त्यासाठी वयोमर्यादा १७ ते ३५ वर्षे असली, तरी ए.एन.एम. झालेल्यांना वरच्या वयाची अट नाही. पुढे पोस्ट बेसिक बी.एस्सी. दोन वर्षांत करता येते. २०२३ मध्ये राष्ट्रीय परिचर्या व सुईण आयोगाचा कायदा संमत झाला आहे. त्यामुळे नियम बदलू शकतात. अर्ज करण्यापूर्वी ताजी माहिती घ्यावी.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, ‘सहा महिन्यांत नर्स व्हा’ अशा जाहिरातींना भुलू नका. असे वर्ग करून परिषदेकडे परिचारिका म्हणून नोंदणी होत नाही. फी भरण्यापूर्वी संस्थेचे नाव महाराष्ट्र परिचर्या परिषदेच्या यादीत आहे का, हे पाहा. नोकरी असेल तर अभ्यासरजा मिळेल का, हे लेखी विचारा. रजा मिळणार नसेल, तर तीन वर्षांच्या फीचा आणि घरखर्चाचा हिशेब आधी कागदावर मांडा.

घरच्यांनाही एक सांगणे आहे. माझ्या सासूबाईंनी तीन वर्षे संध्याकाळचा स्वयंपाक अंगावर घेतला, म्हणून मला पुस्तक उघडता आले. तुमच्या घरातली कोणी शिकायला निघाली असेल, तर तिला रोज दोन तास आणि एक शांत कोपरा द्या. बाकीचे ती निभावून नेईल.