मोटारीचे दुखणे : ओल की सेन्सर?

आषाढ-श्रावणाच्या दिवसांत बेळगावहून जांबोटी, कणकुंबी या मार्गाने चोर्ला घाट उतरून गोव्यात जाण्याचा प्रसंग आपल्यापैकी पुष्कळांवर येत असेल. मलप्रभेचा उगम ज्या कणकुंबीस आहे, तेथे पावसाची झड अशी लागते की वायपर चालू असूनही समोरचा रस्ता दिसेनासा व्हावा. अशा वेळी मोटार आचके देऊ लागली, चढावर दमेकऱ्यासारखी धापा टाकू लागली आणि समोरच्या तबकडीवर इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा लुकलुकू लागला, म्हणजे चालकाची काय अवस्था होते हे निराळे सांगावयास नको. माझ्या मेव्हण्यांवर हा प्रसंग आला तेव्हा गाडीत त्यांच्या वृद्ध मातुःश्री होत्या, मागे मालमोटारींची रांग होती आणि मोबाइलला रेंज नव्हती.

गाडी रडतखडत साखळीस पोहोचली. दुसऱ्या दिवशी एका गॅरेजमध्ये तिला स्कॅनर लावण्यात आला. दोन संकेतांक निघाले. ‘पी ०३०१’, म्हणजे पहिल्या सिलिंडरात ज्वलन चुकते आहे. आणि ‘पी ०१७१’, म्हणजे मिश्रणात पेट्रोल कमी व हवा जास्त आहे. कारागिराने दुसऱ्या आकड्यावर भर देऊन धुराच्या नळीतील ऑक्सिजन सेन्सर बदलला. बिल चुकते झाले. आठ दिवस ऊन होते, तोवर गाडी उत्तम चालली. नवव्या दिवशी पाऊस आला आणि पावसाबरोबर दुखणेही परत आले.

येथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. संकेतांक हा केवळ एक तक्रारअर्ज होय. गुन्हेगाराचे नाव त्यात असतेच असे नाही. पहिल्या सिलिंडरात ठिणगी पडली नाही, तर तेथील पेट्रोल जळत नाही, आणि ते जाळण्यासाठी आत घेतलेला प्राणवायूही तसाच बाहेर पडतो. ऑक्सिजन सेन्सरला पेट्रोल मोजता येत नाही, प्राणवायू तेवढा कळतो. त्याने ‘प्राणवायू फार आहे’ असे कळविले ते अगदी खरे होते. इंजिनाच्या संगणकाने त्याचा अर्थ ‘पेट्रोल कमी पडते आहे’ असा लावला, आणि शिक्षा मात्र खरे बोलणाऱ्या साक्षीदारास झाली.

मग ठिणगी का चुकली? ज्यांनी अँबॅसडर किंवा प्रीमियर पद्मिनी चालविली आहे, त्यांना डिस्ट्रिब्यूटरचे झाकण काढून आतून कोरड्या फडक्याने पुसण्याचा पावसाळी विधी आठवत असेल. आजच्या बहुतेक पेट्रोल गाड्यांत ते झाकण उरलेले नाही. प्रत्येक प्लगच्या डोक्यावर स्वतःची कॉइल बसविलेली असते. परंतु विजेचा स्वभाव काही बदललेला नाही. प्लगच्या फटीतून ठिणगी उडविण्यासाठी हजारो व्होल्टचा दाब लागतो. कॉइलखालच्या रबरी नळीस बारीक चीर गेली असेल आणि तेथे धूळमिश्रित ओल साचली असेल, तर वीज फट ओलांडण्याचे कष्ट न घेता त्या ओलसर वाटेने इंजिनाच्या धातूत उतरून जाते. चढावर हा दोष अधिक का जाणवतो, याचेही कारण सोपे आहे. ॲक्सिलरेटर दाबला की सिलिंडरात हवा जास्त भरते आणि दाब वाढतो. दाटलेल्या हवेतून ठिणगी उडविण्यास व्होल्ट जास्त लागतात. सपाटीवर जेमतेम निभावणारी कॉइल घाटात हात टेकते ती यामुळे.

म्हणून गाडी दाखविण्यापूर्वी मालकाने एकच प्रश्न स्वतःस विचारावा : दुखणे केव्हा येते? ओलीचा दोष बहुधा पावसानंतर, गाडी धुतल्यानंतर किंवा दमट सकाळी पहिल्या स्टार्टला दिसतो आणि इंजिन तापून ओल वाळली की नाहीसा होतो. ग्वाल्हेरकडे पौषातील दाट धुक्याच्या सकाळीही हेच घडू शकते. याउलट क्रँकशाफ्टची स्थिती सांगणारा सेन्सर बिघडू लागला, तर गाडी पुष्कळदा थंड असताना निमूट चालते, तापल्यावर अचानक बंद पडते, आणि अर्धा तास विसावा मिळाला की काहीच न झाल्यासारखी सुरू होते. स्टार्टर फिरत असता फेरे दाखविणारा काटा शून्यावरून मुळीच हालत नसेल, तर या सेन्सरविषयीचा संशय बळावतो. हा नियम लोखंडी नव्हे; परंतु वेळेची ही नोंद कागदावर लिहून कारागिराच्या हाती दिली, तर त्याचे निम्मे काम होते.

खरी गंमत पुढेच आहे. ओल आणि सेन्सर हे दोन वेगळे आरोपी आहेत असे आपण मानतो. पण ओल सेन्सरचा वेषही घेते. इंजिनातील पाण्याचे तापमान सांगणाऱ्या सेन्सरचेच उदाहरण घ्या. त्याचा विरोध थंडीत जास्त आणि उष्णतेत कमी असतो. बहुतेक गाड्यांत वीस अंशांच्या सुमारास तो दोन-तीन हजार ओहम भरतो आणि इंजिन पुरते तापल्यावर दोन-तीनशेवर येतो. आता त्याच्या कनेक्टरमधील पिनांवर हिरवट गंज चढला, तर गंजाचा विरोध सेन्सरच्या विरोधात मिळतो आणि संगणकास इंजिन आहे त्यापेक्षा थंड वाटते. तो पेट्रोल वाढवितो. काळा धूर येतो, मायलेज घसरते. उलटपक्षी, दोन पिनांच्या मध्ये समुद्रकाठचे खारट पाणी शिरले तर विजेस जादा वाट मिळते, एकूण विरोध घटतो आणि थंडगार इंजिन संगणकास तापलेले भासते. मग सकाळी पेट्रोल कमी पडून गाडी सुरू होण्यास कुरकुरते. तार अजिबातच तुटली, तर स्कॅनरवर बहुधा उणे चाळीस अंश दिसतात. म्हापशाच्या भर मे महिन्यात उणे चाळीस दिसले, तर दोष हवामानाचा नाही एवढे कोणासही कळेल! तिन्ही प्रकारांत सेन्सर निर्दोष असू शकतो.

याची सोपी परीक्षा अशी. गाडी रात्रभर उभी ठेवावी आणि सकाळी इंजिन सुरू करण्यापूर्वीच स्कॅनरवर पाण्याचे आणि आत येणाऱ्या हवेचे तापमान पाहावे. दोन्ही आकडे जवळजवळ सारखे असले पाहिजेत. एक जण वेगळे सांगत असेल, तर प्रथम त्याचा कनेक्टर उघडावा, पिना पाहाव्यात, कॉन्टॅक्ट क्लीनरने स्वच्छ करून वाळवाव्यात आणि पुन्हा मोजावे. नवा सेन्सर त्यानंतर.

कॉइलची परीक्षा तर बिनखर्ची आहे. पहिल्या आणि दुसऱ्या सिलिंडरांच्या कॉइलींची अदलाबदल करावयाची. पूर्वीचा ०३०१ हा आकडा ०३०२ झाला, तर दोष कॉइलीबरोबर चालत गेला हे सिद्ध झाले. तो जागीच राहिला, तर प्लग, वायरिंग, इंजेक्टर यांच्याकडे वळावे. जुन्या, लांब केबलींच्या गाडीत अंधारात बॉनेट उघडून पाहिले असता गळणारी वीज निळसर चमकताना दिसते. मात्र चालू इंजिनाला हात लावू नये.

तो दिवा स्थिर आहे की लुकलुकतो आहे, हेही पाहावे. लुकलुकणारा दिवा सांगतो की न जळलेले पेट्रोल धुराच्या नळीतील कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तेथे जळू पाहत आहे. तो भाग कॉइलीहून फार महाग असतो. ॲक्सिलरेटर हलका करून, सुरक्षित जागा मिळताच थांबणे हेच इष्ट.

आणि गाडी साचलेल्या पाण्यात बंद पडली, तर वरील सर्व शास्त्र बाजूस ठेवावे. पुन्हा स्टार्टर मारू नये. हवेच्या मार्गाने सिलिंडरात पाणी गेले असेल, तर पाणी दाबले जात नाही. वाकतो तो कनेक्टिंग रॉड. एअर फिल्टर ओला दिसला तर गाडी ओढूनच न्यावी.

मेव्हण्यांच्या गाडीचे निदान अखेर एका वयस्क मिस्त्रींनी केले. गाडी रोज आंब्याखाली उभी राहत असे. वायपरखालच्या जाळीतून पाणी वाहून जाण्याची जी भोके असतात, ती कुजक्या पानांनी बुजली होती. तुंबलेले पाणी कडेवरून थेंबथेंब पहिल्या कॉइलवर पडत होते आणि तिची रबरी नळी चिरलेली होती. नळी बदलली, पाने काढली. नंतर मिस्त्रींनी काढून टाकलेला जुना ऑक्सिजन सेन्सर सहज म्हणून परत बसवून पाहिला. तो ठणठणीत होता. आजही तोच गाडीत आहे, आणि नवा डिकीत.